टॉम हँक्सची खतावणी: एका नटाचं काम पहिल्यापासून कसं बघावं

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात हिशेब लिहिते. २९ वर्षं झाली. संध्याकाळी सात ते साडेनऊ गावभागातल्या एका शाळेच्या हॉलवर आमच्या हौशी गटाची तालीम असते. येणारी मुलं-मुली बहुतेक कॉलेजातली, दोघं-तिघं कुपवाडच्या एमआयडीसीत पाळीवर जाणारी. नाटक बसवताना मला एक गोष्ट सारखी खटकायची. कुणीतरी मोबाइलवर दोन मिनिटांचा प्रसंग दाखवायचं, "काय रडलाय बघा ताई" म्हणायचं, आणि पुढच्या तालमीत तोच हुंदका जसाच्या तसा घेऊन यायचं. हुंदका यायचा, पण तिथपर्यंत तो नट कुठल्या वाटेने आला ते कुणी बघितलेलंच नसायचं.

म्हणून मी एक पद्धत बसवली. एकच नट घ्यायचा, त्याचं काम पहिल्यापासून क्रमाने बघायचं आणि बघितलेलं हिशेबासारखं लिहून ठेवायचं. आम्ही हॉलिवूडचा टॉम हँक्स घेतला. तुम्ही दुसरा कुणीही घ्या, पण पहिल्यांदाच करत असाल तर हाच घ्या. तो रंगमंचावर घडलेला आहे. दिसण्याच्या जोरावर चाललेला नाही, चारचौघांतला वाटतो, त्यामुळे बघणाऱ्याचं लक्ष चेहऱ्यावर अडकत नाही, कामाकडे जातं. आणि १९८० पासूनचं त्याचं काम, पडलेल्या सिनेमांसकट, आज घरबसल्या बघता येतं.

दोन वह्या

हिशेबात दोन वह्या असतात. रोजकीर्दीत ज्या दिवशी जे घडलं ते त्या तारखेला लिहायचं. तेच व्यवहार मग खतावणीत खात्याखात्याला चढवायचे. अभ्यासालाही तशाच दोन वह्या घ्या.

सिनेमा बघितला की त्याच रात्री रोजकीर्द लिहा. डाव्या पानावर त्या साली त्याच्या आयुष्यात काय चाललं होतं ते, उजव्या पानावर तुम्हाला पडद्यावर काय दिसलं ते. "जबरदस्त", "काळजाला हात घातला" असले शब्द आमच्या वहीत चालत नाहीत. "बोलायच्या आधी एकदा जमिनीकडे बघितलं, डावा हात मांडीवरून उचललाच नाही" असं लिहायचं. रविवारी सकाळी रोजकीर्द उघडून खतावणी चढवायची. खाती पाचच: चालणं, हात, आवाज, ऐकणं आणि थांबणं. रडण्याचं खातं उघडू नका. मुलं पहिल्यांदा तेच मागतात. रडणं ही या पाच खात्यांची शिल्लक आहे, ते वेगळं लिहायचं नसतं.

वही तळमजल्यावर ठेवू नका, हेही सांगते. माझी पहिली रोजकीर्द ऑगस्ट २०१९ च्या पुरात गेली. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर चढलं होतं आणि आमचं कपाट दोन दिवस पाण्यात उभं होतं. आता प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवतो.

पहिलं पान सिनेमाच्या आधीचं

जन्म ९ जुलै १९५६, कॅलिफोर्नियातलं काँकर्ड गाव. वडील स्वयंपाकी, कामासाठी गावोगाव फिरणारे. टॉम पाचेक वर्षांचा असताना आईवडील वेगळे झाले. धाकटा भाऊ जिम आईजवळ राहिला, वरची तिघं वडिलांबरोबर गेली. दहा वर्षांचा होईपर्यंत त्याची दहा घरं बदलून झाली होती. पुढे ओकलंडच्या स्कायलाइन हायस्कूलमध्ये त्याला नाटकाचे शिक्षक भेटले, रॉली फार्न्सवर्थ. हे नाव वहीत ठळक लिहा, पुढे लागणार आहे.

मग हेवर्डचं चाबो कॉलेज, तिथून सॅक्रॅमेंटोचं विद्यापीठ. या काळात तो एकटाच गाडी काढून नाटकांना जायचा, तिकीट काढायचा, आधी कार्यक्रमपत्रिका वाचायचा आणि मग नाटकात बुडून जायचा, असं त्याने सांगितलंय. ब्रेख्त, इब्सेन, टेनेसी विल्यम्स यांची नाटकं. मी ते वाचलं तेव्हा मला भावे नाट्यमंदिरात शेवटच्या रांगेत एकटे बसणारे आमचे जुने प्रेक्षक आठवले. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं ते याच सांगलीत. त्या गावातल्या मुलांना मी पहिला गृहपाठ हाच देते: तीन नाटकं एकट्याने बघा. मैत्रिणीबरोबर नाही, ग्रुपबरोबर नाही.

यानंतर येतं क्लीव्हलंड. ओहायो राज्यातल्या या शहरात ग्रेट लेक्स शेक्सपिअर फेस्टिव्हल नावाची नाटक कंपनी होती. व्हिन्सेंट डाउलिंग या दिग्दर्शकाने त्याला तिकडे बोलावलं आणि शिक्षण अर्धवट टाकून तो गेला. तीन हंगाम. प्रकाशयोजना, नेपथ्य, रंगमंचाची व्यवस्था, सगळ्याला हात लावला आणि कामंही केली. १९७८ मध्ये शेक्सपिअरच्या 'द टू जंटलमेन ऑफ व्हेरोना'मधल्या प्रोटियससाठी त्याला तिथल्या समीक्षकांचं पारितोषिक मिळालं. प्रोटियस म्हणजे मित्राला दगा देणारा माणूस. पुढे जगभर भला माणूस म्हणून ओळखल्या गेलेल्या नटाला पहिली शाबासकी दगाबाजाच्या कामासाठी मिळालेली आहे.

या पानावर मी मुलांना पूर्ण एक आठवडा थांबवते. त्यांना सिनेमाची घाई असते. पण सेट उचलायला, लाइट धरायला नको म्हणणाऱ्या मुलाला मी हे पान मोठ्याने वाचायला लावते.

सालांची काळजी

चरित्र लिहिताना सगळ्यात जास्त चुका सालांत होतात. सिनेमा एका साली येतो आणि ऑस्कर पुढच्या साली मार्चच्या आसपास मिळतं. 'फिलाडेल्फिया' १९९३ चा, त्याचं ऑस्कर मार्च १९९४ मध्ये. 'फॉरेस्ट गम्प' १९९४ चा, त्याचं ऑस्कर मार्च १९९५ मध्ये. लागोपाठ दोन वर्षं सर्वोत्कृष्ट अभिनेता. त्याच्याआधी हे फक्त स्पेन्सर ट्रेसीला १९३० च्या दशकात जमलं होतं. वहीत सिनेमाचं साल शाईने आणि पुरस्काराचं साल पेन्सिलने लिहा, गल्लत होत नाही.

दुसरं, माहितीचे तीन ढीग करा. नोंदलेलं, म्हणजे तारखा, पुरस्कार, श्रेयनामावली. त्याने स्वतः मुलाखतीत सांगितलेलं. आणि लोकांनी एकमेकांना सांगितलेलं. तिसरा ढीग वहीत येत नाही. त्याची दोन लग्नं, २०१३ मध्ये त्याने स्वतः सांगितलेला मधुमेह हे पहिल्या दोन ढिगांत बसतं, तेवढंच घ्या.

भाषेची अडचण

आमच्यातल्या निम्म्या मुलांना इंग्रजी संवाद पटकन कळत नाहीत. आधी आम्ही हिंदीत डब केलेलं बघायचो. त्यात गोष्ट कळते, पण नटाचा आवाज दुसऱ्याचा असतो, म्हणजे आपल्या पाच खात्यांतलं एक खातं कोरं राहतं. डब केलेलं एकदा गोष्टीसाठी बघायला हरकत नाही. लिहायचं मात्र मूळ आवाजात, सबटायटल लावून बघितल्यावरच.

'फॉरेस्ट गम्प'ला सोपा रस्ता आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये आलेला आमिर खानचा 'लाल सिंग चड्ढा' हे त्याचंच अधिकृत रूपांतर, आणि ते लिहिलं आपल्या अतुल कुलकर्णींनी. तो आधी बघा. मूळ सिनेमात बसस्टॉपच्या बाकावर बसून सांगितलेली गोष्ट इथे रेल्वेच्या डब्यात येते. असं का केलं असेल यावर आमची एक संध्याकाळ गेली. मिरज जंक्शन बघितलेल्या मुलांना ते समजावून सांगावं लागलं नाही.

निवडलेला प्रसंग तीनदा बघायचा. पहिल्यांदा आवाज बंद करून. दुसऱ्यांदा डोळे मिटून. तिसऱ्यांदा दोन्ही. मोबाइलवर नको, टीव्हीवर बघा. छोट्या पडद्यावर हात दिसत नाहीत.

क्रम

१९८० च्या पहिल्या सिनेमात त्याचं काम अगदी छोटं आहे, सोडलंत तरी चालेल. त्याच सुमारास तो टीव्हीवरच्या एका विनोदी मालिकेत होता. सुरुवात करायची ती रॉन हॉवर्डने दिग्दर्शित केलेल्या 'स्प्लॅश'पासून, १९८४. जलपरीच्या प्रेमात पडलेला माणूस. पुढची तीन-चार वर्षं तो एकामागून एक विनोदी सिनेमे करतो, त्यातले काही साफ पडले. त्या काळातला एक तरी बघाच. १९८६ चा 'द मनी पिट' घ्या. घाई कुठे होते, आवाज कुठे उगाच चढतो ते लिहा. चांगल्या नटाची चूक ओळखता आली की आपली ओळखणं सोपं जातं.

मग 'बिग', १९८८. बारा वर्षांचा मुलगा एका रात्रीत मोठ्या माणसाच्या देहात जागा होतो. दिग्दर्शिका पेनी मार्शल. या कामाची तयारी मला फार महत्त्वाची वाटते. हँक्सचे प्रसंग आधी लहानपणीचं काम करणाऱ्या मुलाकडून, डेव्हिड मॉस्कोकडून करून घेतले गेले आणि ते बघून हँक्सने आपलं काम उभं केलं. मोठ्या नटाने पोराकडून शिकवणी घेतली म्हणायची. खेळण्यांच्या दुकानात जमिनीवरच्या प्रचंड पियानोवर पायांनी वाजवायचा प्रसंग सगळ्यांना आठवतो. तुम्ही मेजवानीत छोटं कणीस खायचा प्रसंग बघा. बोटाएवढं बेबी कॉर्न तो दोन्ही हातांत धरून, मोठ्या मक्यासारखं फिरवत दाण्यादाण्याने कुरतडतो. एक शब्द बोलत नाही. या कामाने त्याला ऑस्करचं पहिलं नामांकन मिळालं.

१९९० साली 'द बॉनफायर ऑफ द व्हॅनिटीज' सपशेल आपटला. तो मी बघायला लावत नाही, पण रोजकीर्दीत त्याची नोंद हवी. १९९२ मध्ये 'अ लीग ऑफ देअर ओन'मध्ये तो मुलींच्या बेसबॉल संघाचा पोट सुटलेला, दारुडा प्रशिक्षक झाला आणि त्यापुढची तीन वर्षं म्हणजे 'फिलाडेल्फिया', 'फॉरेस्ट गम्प', 'अपोलो १३' आणि 'टॉय स्टोरी'.

'फिलाडेल्फिया'त एड्स झाल्यामुळे नोकरीवरून काढलेला वकील आहे. त्याच्या ऑस्करच्या भाषणात त्याने ज्यांचे आभार मानले त्यात ते हायस्कूलचे नाटकाचे शिक्षक होते. पहिल्या पानावर ठळक लिहिलेलं नाव इथे पुन्हा येतं.

'फॉरेस्ट गम्प'मध्ये मी पूर्ण महिना घालवते. त्याचं एक कारण आमच्या गटातलं आहे. जतकडचा एक मुलगा आमच्याकडे येतो. त्याच्या मराठीत कानडीचा हेल आहे. एका स्पर्धेनंतर कुणीतरी त्याला "आधी भाषा शुद्ध करून ये" म्हणालं आणि तो दोन महिने तालमीला फिरकला नाही. परत आला तेव्हा मी त्याला फॉरेस्टच्या बोलण्याची गोष्ट सांगितली. लहान फॉरेस्टचं काम करायला मिसिसिपीकडचा एक मुलगा निवडला, मायकेल कॉनर हम्फ्रीज. त्याच्या बोलण्यात त्याच्या मुलखाचा ठसठशीत हेल होता. मुलाने हँक्ससारखं बोलायचं असं न ठरवता हँक्सनेच त्या मुलाचा हेल उचलला. ज्या आवाजावर जग भाळलं तो एका खेड्यातल्या पोराचा आहे.

म्हणून आवाजाच्या खात्याचा गृहपाठ असा: यार्डात सौद्याच्या दिवशी या. शेतकरी, हमाल, व्यापारी, प्रत्येकाचं बोलणं वेगळं. एकच माणूस निवडा, त्याच्याजवळ चहा घेत तासभर ऐका आणि दुसऱ्या दिवशी त्याचं एक वाक्य बोलून दाखवा. टिंगल वाटली तर ते वाक्य बाद. त्या जतच्या मुलाकडे आता बाकीचे हेल शिकायला जातात.

फॉरेस्टचा एक प्रसंग मात्र थांबण्याच्या खात्यासाठी. त्याची बालमैत्रीण जेनी त्याला सांगते, हा मुलगा तुझा आहे. तो मागे सरकतो. आनंद नाही, रडणं नाही, आधी भीती. मग विचारतो, मुलगा हुशार आहे का, की... आणि पुढचा शब्द न उच्चारता हात स्वतःकडे नेतो. आपण मंदबुद्धी आहोत हे त्याला आयुष्यभर ठाऊक होतं, हे आपल्याला त्या एका हाताने कळतं. आवाज बंद करून बघा, तरी कळतं.

'अपोलो १३'साठी नासाच्या विमानात, एका वेळी पंचवीसेक सेकंदांच्या वजनरहित अवस्थेत चित्रण केलं होतं. तेवढ्यात संवाद बसवायचा. 'टॉय स्टोरी' हा ॲनिमेशनपट, त्यात हँक्सचा नुसता आवाज आहे, म्हणून तो फक्त डोळे मिटून ऐकायचा. 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' हा १९९८ चा युद्धपट, त्यात हँक्स कॅप्टन आहे: त्याचा थरथरणारा उजवा हात बघा आणि सैनिक एकमेकांच्या जिवावर उठलेले असताना तो आपण गावी शाळामास्तर आहोत हे किती खालच्या पट्टीत सांगतो ते ऐका.

लायटर

'कास्ट अवे', २०००. विमान कोसळून एक माणूस चार वर्षं निर्जन बेटावर अडकतो. चित्रण फिजीतल्या मोनुरिकी बेटावर झालं. मधे जवळजवळ वर्षभर काम थांबवलं होतं, त्या काळात हँक्सने वीस किलोंहून जास्त वजन उतरवलं आणि केस-दाढी वाढवली. दिग्दर्शक रॉबर्ट झेमेकिस यांनी तेवढ्यात दुसरा सिनेमा करून घेतला. इथे मी एक गोष्ट ठामपणे सांगते. आमच्याकडे एका मुलाने भूमिकेसाठी जेवण तोडलं आणि तालमीत चक्कर येऊन पडला. शरीराशी असा खेळ करायचा नाही. दुबळेपणा चालण्यातून आणि श्वासातून दाखवा.

बेटावर असेपर्यंत या सिनेमात पार्श्वसंगीत नाही. तो बेट सोडतो तेव्हा पहिल्यांदा सूर येतात. तोवर ऐकायला आहे लाटा, वारा आणि एक माणूस. नटाला टेकू द्यायला काहीच नाही. व्हॉलीबॉलवर चेहरा काढून त्याच्याशी बोलतो ते सगळ्यांना माहीत आहे. मुलांना मी विचारते, बोलून झाल्यावर तो चेंडूचं ऐकतो कसं? ऐकण्याचं अख्खं पान तिथेच भरतं.

माझा प्रसंग वेगळा आहे. तो परत येतो, त्याच्यासाठी मेजवानी होते, सगळे निघून जातात. टेबलावर खेकड्याचं उरलेलं खाणं पडलेलं असतं. तो त्यातला एक तुकडा उचलून बघतो, ठेवतो. मग एक लायटर उचलतो आणि पेटवतो. बेटावर हात सोलवटून मिळवलेला विस्तव इथे एका अंगठ्यावर. तो पुन्हा पेटवतो, पुन्हा विझवतो. पूर ओसरल्यावर आम्ही बारा दिवसांनी घरी आलो, चिखल काढला, भिंती धुतल्या, शेगडी बसवली. पहिल्यांदा लायटर दाबला तेव्हा आई आणि मी नुसत्या ज्योतीकडे बघत उभ्या होतो, चहाचं भांडं ठेवायचं राहूनच गेलं. नंतर हा प्रसंग बघितला तेव्हा हँक्सच्या अंगठ्याचा वेग मला बरोबर कळला. खतावणीत 'हात' या खात्यावर ती माझी पहिली नोंद आहे.

शेवटची संध्याकाळ

यानंतर 'कॅप्टन फिलिप्स', २०१३. मधले 'द टर्मिनल' वगैरे सवडीने बघा. २०१९ च्या 'अ ब्युटिफुल डे इन द नेबरहूड'ला त्याला सहावं नामांकन मिळालं, पण माझ्या मते ते 'कॅप्टन फिलिप्स'ला मिळायला हवं होतं. समुद्री चाच्यांच्या तावडीतून सुटलेल्या कप्तानाला नौदलाच्या जहाजावर तपासतात. तपासणारी बाई नटी नाही, नौदलातली खरी वैद्यकीय कर्मचारी आहे. प्रसंग तिथेच, आयत्या वेळी उभा केला. ती रोज करते तसं तपासत राहिली, आणि हँक्सला तिच्या साध्या प्रश्नांची उत्तरंसुद्धा जुळवता येत नाहीत. सगळे हुंदके आधी झाकून ठेवलेले आहेत, फुटतात ते कुणीतरी मायेने "कुठे दुखतंय" विचारल्यावर.

सगळी खतावणी चढून झाली की एक संध्याकाळ ठेवा. आम्ही ती ५ नोव्हेंबरच्या, रंगभूमी दिनाच्या आठवड्यात ठेवतो. चाळीस मिनिटांपेक्षा जास्त बोलू नका, तीनपेक्षा जास्त प्रसंग दाखवू नका. एकेकाने एकेक खातं वाचायचं. जन्मापासून आजवरची जंत्री कुणी वाचायची नाही, ती छापून भिंतीला लावा.

मग एक प्रयोग करा. आमच्या गटात मिरजेला नर्सिंग शिकणारी एक मुलगी आहे. तिला सांगितलं, तू अभिनय करू नकोस, वॉर्डात करतेस तसं कर. समोर बसला जतचा तो मुलगा. प्रसंग इतकाच: पुरातून बोटीने बाहेर काढलेला माणूस. ती काय विचारणार ते त्याला सांगितलं नव्हतं, हे महत्त्वाचं. तिने नाव विचारलं, ते त्याने सांगितलं. "घरात कोण कोण असतं?" यावर तो बोलायला गेला आणि थांबला. ती रक्तदाबाचा पट्टा उलगडत होती. त्याने तिच्याकडे न बघता हात पुढे केला आणि ओल्या नसलेल्या शर्टाची बाही, अंगाला चिकटलेली असावी तशी, ओढून ओढून वर सरकवली.

मी खतावणीत नवं पान उघडलं, वर त्याचं नाव घातलं आणि 'हात' या खात्यावर ती बाही तारखेसकट लिहिली.